तीन पायांची शर्यत

ट्रायपॉड घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार दोन प्रश्न विचारतो. पहिला, "कॅमेरा कोणता?" आणि दुसरा, "बजेट किती?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर माणूस छाती पुढे काढून देतो. कॅमेऱ्याचं मॉडेल सांगतो, लेन्सचे आकडे सांगतो, कुणी न विचारता घरी कपाटात असलेल्या दुसऱ्या लेन्सचेही सांगतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र त्याचा आवाज बसतो आणि तो काउंटरच्या काचेकडे बघत पुटपुटतो, "सध्यापुरता दाखवा काहीतरी."

मराठी मध्यमवर्गाचा निम्मा संसार या 'सध्यापुरता'वर उभा आहे. सध्यापुरती घेतलेली प्लास्टिकची खुर्ची मुलांच्या लग्नापर्यंत टिकते. सध्यापुरती धरलेली नोकरी निवृत्तीच्या निरोप समारंभातच सुटते. ट्रायपॉड तेवढा शब्दाचा पक्का. सध्यापुरता घेतला की तो खरोखर सध्यापुरताच टिकतो.

गंमत अशी, की कॅमेऱ्यावर साठ-सत्तर हजार आणि लेन्सवर त्याहून जास्त घालवलेला माणूस हे सगळं ज्याच्या डोक्यावर ठेवायचं, त्याच्यासाठी दीड हजाराच्या वर एक रुपया काढायला तयार नसतो. "तीन नळ्या तर आहेत, त्यात काय एवढं?" हे वाक्य मी दुकानात चांगलं मोठ्यानं म्हणालो होतो. दुकानदारानं वाद घातला नाही. त्यानं मागच्या फळीवरून एक काळा कुळकुळीत ट्रायपॉड काढला, पाय खटाखट उघडले आणि म्हणाला, "पाच किलो घेतो, साहेब." माझा कॅमेरा लेन्ससकट दीड किलोच्या आसपास. उरलेल्या साडेतीन किलोंचं काय करावं, या विचारात मी घरी आलो.

पाच किलो घेतो, हे खोटं नव्हतं. घेतो म्हणजे पाच किलो ठेवले तर मोडत नाही. हलत नाही, असं तो कुठे म्हणाला होता? ट्रायपॉडच्या खोक्यावरचा वजनाचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं काढते. तो वाचून ट्रायपॉड घेणं आणि पत्रिका बघून जावई निवडणं यात धोका सारखाच. मोडणार नाही एवढं कळतं, थरथरेल किती ते संसार सुरू झाल्यावर.

त्या ट्रायपॉडच्या डोक्याला एक लांब दांडी होती. फ्रेम जुळवायची, दांडी पिळून आवळायची आणि हात काढायचा. हात काढला की कॅमेरा हळूहळू मान खाली घालायचा. पुन्हा वर करायचा, दात-ओठ खाऊन आवळायचा. तो पुन्हा खाली. गळक्या नळाचं वायसर झिजलं की नळ कितीही पिळला तरी एक थेंब पडतोच, त्यातलाच प्रकार. मग मी एक युक्ती काढली. फ्रेम मुद्दाम थोडी वर धरून आवळायची, म्हणजे कॅमेरा घसरत घसरत बरोबर जागेवर येईल, आणि तो येईल त्या क्षणी बटण दाबायचं. पर्वतीचं संपूर्ण देऊळ या पद्धतीनं टिपायला मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. कधी नुसता कळस आला, कधी नुसत्या पायऱ्या. आणि ज्या वेळी मी घसरण्याची वाट बघत डोळा लावून बसलो, त्या वेळी तो पठ्ठ्या जागचा हलला नाही.

आमचे सासरे निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांच्यासमोर मी एकदा या ट्रायपॉडची तक्रार केली. माणसानं इंजिनिअरसमोर तक्रार करू नये, तो आधी सिद्धान्त सांगतो.

"जावईबापू, तीन बिंदूंमधून एकच प्रतल जातं. म्हणून तीन पायांची वस्तू कशाही जमिनीवर ठेवा, तिन्ही पाय टेकतात. चार पायांचं टेबल डगमगतं, तीन पायांचं नाही. हॉटेलात टेबलाच्या चौथ्या पायाखाली कागदाची घडी घातलेली असते की नाही?"

"हो, पण हा काल पडला."

"पडेल ना! डगमगणं वेगळं आणि पडणं वेगळं."

"कॅमेऱ्यासकट पडला."

"म्हणजे न डगमगता पडला," सासरे समाधानानं म्हणाले. "बघा, सिद्धान्त बरोबर आहे."

या ट्रायपॉडची खरी परीक्षा भंडारदऱ्याला झाली. मे महिना संपता संपता, पाऊस सुरू होण्याआधीच्या दिवसांत तिथे काजवे निघतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुकायला लागतात. साध्या डोळ्यांना हे फुकट आणि ताबडतोब दिसतं. कॅमेऱ्याला दिसायला वीस-तीस सेकंद शटर उघडं ठेवावं लागतं, आणि असे पुष्कळ फोटो काढून एकावर एक रचले की मग ते झाड सोन्यानं मढवल्यासारखं होतं. तीस सेकंद हात स्थिर ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. म्हणून ट्रायपॉड.

आम्ही तिघे मित्र गेलो होतो. तीन तिगाडा काम बिगाडा, असं घरातून निघताना आईनं सुचवलं होतं. पहिली अडचण अंधार पडायच्या आतच आली. ट्रायपॉडवर कॅमेरा बसवायला खाली एक चपटी प्लेट लावतात. तिचा स्क्रू पाव इंची असतो. कुठल्याही देशातला कॅमेरा घ्या, कुठल्याही देशातला ट्रायपॉड घ्या, हा स्क्रू त्यात बसतो. मोबाइलच्या चार्जरवरून दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत अशा काळात हे केवढं एकमत! फक्त तो स्क्रू आवळायला एक नाणं लागतं, आणि मोबाइलवरून पैसे द्यायला लागल्यापासून आमच्यातल्या कुणाच्याही खिशात नाणं नव्हतं. तिघांनी तीन पाकिटं झटकली. एटीएमची कार्डं पडली, जुन्या पावत्या पडल्या, एकाच्या पाकिटातून तिरुपतीचा फोटो पडला. नाणं नाही. शेवटी चहाच्या टपरीवर गेलो.

"दादा, एक रुपया मिळेल का? परत देतो."

"सुट्टे नाहीत साहेब. हे स्कॅन करा ना."

"अहो, द्यायचा नाही. रुपया पाहिजे."

"किती पाठवू?" त्यानं स्वतःचा मोबाइल काढत विचारलं. माणूस खरंच भला होता.

अखेर स्क्रू माझ्या घराच्या किल्लीनं आवळला. किल्ली वाकली. ती कथा वेगळी आणि घरी पोचल्यानंतरची.

अंधार पडला. काजव्यांना त्रास होतो म्हणून बॅटरी लावायची नाही, हा नियम सगळ्यांना माहीत होता आणि बहुतेकांनी पाळला. त्यामुळे झाडासमोरच्या त्या छोट्या मोकळ्या जागेत पाचपन्नास माणसांचे दोन-दोन आणि ट्रायपॉडांचे तीन-तीन पाय कुणालाच दिसत नव्हते. कुणी कुणाच्या पायात अडकत होतं, कुणी कुणाची फ्रेम पाडत होतं. माझ्या शेजारून जाणारे एक सज्जन माझ्या ट्रायपॉडला धडकले आणि त्याचीच माफी मागून पुढे गेले. "सॉरी हं काकू, लागलं का?" मी काही बोलणार, तोच मागून एक उशिरा आलेली जीप मोठे दिवे लावून वळली आणि पन्नास जणांची तीस-तीस सेकंदांची तपश्चर्या एका क्षणात पांढरीफटक झाली. त्या अंधारात जे शब्द उमटले, ते इथे छापता येण्यासारखे नाहीत. एरवी ही सगळी मंडळी निसर्गप्रेमी.

मी फोटो काढले. मागच्या पायाची सर्वांत खालची नळी दर सेकंदाला किंचित आत सरकत होती, हे मला अंधारात कसं दिसणार? सकाळी उजेडात पडद्यावर बघितलं. काजव्यांनी आपली जागा सोडली नव्हती, झाडच डावीकडे निघालं होतं. मुक्काम ज्यांच्या घरी होता त्यांचा पोरगा खांद्यावरून डोकावला.

"हे काय काढलंय, काका?"

"काजवे."

"हां," तो सभ्यपणे म्हणाला. "मला वाटलं वरात."

घरी परतल्यावर मी सल्ला मागायला सुरुवात केली. ट्रायपॉडबद्दल सल्ला मागणं हा स्वतंत्र छंद आहे. त्याला कॅमेरासुद्धा लागत नाही. तेव्हा मला कळलं की या क्षेत्रात पंथ आहेत. पाय लांब करून पक्के करायच्या कुलपावरून मुख्य भांडण. एक खटकेवाले, दुसरे पिळवाले. खटकेवाल्यांचं म्हणणं, खटका उघडा आहे का बंद ते लांबून दिसतं आणि काम झटकन होतं. या पंथाचा माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या तर्जनीकडे बघा. खटक्यात कातडी सापडल्याची खूण असते. पिळवाले म्हणतात, पिळाचं कुलूप सुटसुटीत, कपड्यात अडकत नाही, वेलीत अडकत नाही. फक्त नऊ पिळांपैकी एक ढिला राहिला तर तो कुठला हे कळत नाही, आणि कळतं तेव्हा ट्रायपॉड एका गुडघ्यावर बसलेला असतो. दोन्ही पंथांचे लोक एकमेकांच्या मुलांच्या मुंजीला जातात, पण सहलीला गाड्या वेगळ्या करतात.

आमच्या सोसायटीत एक ज्येष्ठ छायाचित्रकार राहतात. त्यांना सगळे सर म्हणतात. मी त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी माझा ट्रायपॉड नुसता दोन बोटांनी टिचकी मारून बघितला. डॉक्टर पोट वाजवून बघतात आणि काहीच बोलत नाहीत, तेव्हा जी भीती वाटते ती मला वाटली.

"मधला दांडा वर काढतोस का?" सरांनी विचारलं.

"काढतो कधीकधी. उंची कमी पडते."

"दांडा वर काढलास की ट्रायपॉड संपला. तीन पायांवर उभी केलेली एक काठी उरली."

"मग कंपनीनं तो दिलाय कशाला?"

"मोह आवरतो का ते बघायला."

मग सरांनी चहा मागवला आणि 1838 सालापासून सुरुवात केली. त्या साली दागेर यांनी पॅरिसच्या बुलेव्हार द्यू टांप्ल या रस्त्याचा फोटो काढला. शटर काही मिनिटं उघडं. रस्त्यावर रहदारी होती, पण फोटोत रस्ता ओस पडलेला दिसतो, कारण जे जे चालत होतं ते ते नाहीसं झालं. उमटला तो एकच गृहस्थ, कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेणारा. छायाचित्रात दिसणारा पहिला माणूस म्हणून तो आजही ओळखला जातो.

"का उमटला?" सरांनी विचारलं. मी गप्प. "कारण त्याचा पाय कुणीतरी धरून ठेवला होता! ट्रायपॉडचं सगळं शास्त्र यात आलं."

पुढे माणसांचे फोटो काढायला लागले, तेव्हा बसलेल्या माणसाच्या मानेमागे लोखंडी स्टँडचा चिमटा लावत, डोकं हलू नये म्हणून. म्हणजे त्या काळी कॅमेऱ्याला एक तिकाटणं असायचं आणि माणसाला दुसरं. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा आपल्याकडचे हौशी लोकही अवजड लाकडी कॅमेरे आणि लाकडी तिवया घेऊन हिंडत असणार. सर सांगत होते आणि मला आमच्या दिवाणखान्यातले पणजोबा आठवत होते. त्यांच्या चेहऱ्यावरच्या करारी भावाबद्दल घरात फार आदर आहे. मानेत लोखंड रुतत असेल, ही शक्यता आमच्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

सरांच्या सांगण्यावरून मी मुंबई गाठली. फोर्टमध्ये बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं लागून लागून आहेत. तिथल्या एका वयस्क विक्रेत्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे बघा, हलका, भक्कम आणि स्वस्त. यातले कुठलेही दोन मागा, देतो. तिन्ही मागितलेत तर समोरच्या दुकानात जा. तोही देणार नाही, पण माझा वेळ वाचेल." मी हिशोब केला. हलका आणि स्वस्त घरी होताच. म्हणून भक्कम आणि स्वस्त घेतला. अ‍ॅल्युमिनियमचा, जाडजूड पायांचा. दुकानातच मी त्यावर दोन्ही हातांनी भार टाकून लोंबकळून बघितलं. तो हलला नाही. माझ्या आयुष्यात इतकी खंबीर साथ मला कुणी दिली नव्हती. मी भारावून गेलो.

भारावणं म्हणजे नेमकं काय, ते हरिश्चंद्रगडावर समजलं. कोकणकड्यावर रात्री ताऱ्यांच्या गोल रेषा टिपायच्या म्हणून आम्ही खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे चढलो. खिंडीपर्यंत ट्रायपॉड माझ्या खांद्यावर होता. खिंडीत तो एका मित्राच्या खांद्यावर गेला, वरच्या कातळटप्प्यावर दुसऱ्याच्या. तिथून पुढे मैत्री संपून राजकारण सुरू झालं. "तुझा फोटो, तुझा ट्रायपॉड, आमचे खांदे का?" हा प्रश्न मुद्द्याचा होता. वर पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की तारे सोडा, मित्र दिसत नव्हते. तीन किलोंच्या त्या भक्कम वस्तूवर रात्रभर सगळ्यांचे ओले मोजे वाळत घातले. वाळले नाहीत, पण कड्यावरच्या वाऱ्यात एकही मोजा उडाला नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

त्यानंतर तो भक्कम ट्रायपॉड दाराच्या मागे उभा राहिला. आडवाटेनं हिंडताना "नेऊ का नको" असा प्रश्न यायचा आणि खांदा उत्तर द्यायचा. जो ट्रायपॉड हलत नाही, तो घरातूनही हलत नाही. आईनं त्यावर मोगऱ्याची कुंडी ठेवून बघितली. कुंडीला तो फार शोभला.

आता उरले दोन: हलका आणि भक्कम. म्हणजे कार्बन फायबर. गिट्झो नावाची 1917 साली फ्रान्समध्ये निघालेली कंपनी आहे, तिनं 1994 साली कार्बन फायबरचे पाय बाजारात आणले आणि जगभरच्या छायाचित्रकारांचे खांदे वाचवले, खिसे मात्र त्याच दिवसापासून फाटले. त्याआधी इटलीत बसानो देल ग्राप्पा गावी लिनो मानफ्रोत्तो नावाच्या वृत्तछायाचित्रकाराला बाजारातल्या स्टँडचा वैताग आला, म्हणून तो स्वतःच स्टँड बनवायला लागला आणि त्याची मोठी कंपनी झाली. हा इटालियन स्वभाव. आपल्याला वैताग आला तर आपण सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो आणि झोपतो.

मी घेतला तो एवढा नामांकित नव्हता, पण कार्बनचा होता. हाताला ऊबदार, वजनाला निम्म्याच्या जवळपास, आणि थरथर शोषून घेणारा. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी विचारलं, "केवढ्याला पडला?"

"नऊ हजार."

मी एका पायाचा भाव सांगितला.

"नऊ हजार? या नळ्यांना?" ती ट्रायपॉड वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली. "आणि अहो, याला वरचं डोकं कुठाय?"

"डोकं वेगळं घ्यावं लागतं."

"एवढे पैसे दिले आणि डोकं नाही?"

"नाही."

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

डोकंही आलं. गोळ्याचं, एक खिटी आवळली की वज्रासारखं घट्ट होणारं. तरीही फोटो हलले. सरांना दाखवले. ते म्हणाले, बोटानं बटण दाबतोस, त्यानं कॅमेरा हलतो, दोन सेकंदांचा टायमर लाव. लावला. मग म्हणाले, तुझ्या जुन्या कॅमेऱ्यातला आरसा फटकन वर जातो, त्याचा धक्का बसतो, तो आधीच वर करून ठेव. ठेवला. मग म्हणाले, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद कर. हातात धरलेला कॅमेरा थरथरतो ती थरथर मारायला ही यंत्रणा असते. ट्रायपॉडवर थरथर नसतेच, तेव्हा ती नसलेली थरथर शोधत बसते आणि त्या नादात कधीकधी स्वतःच थरथरते. अशी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात, त्यामुळे हे मला लगेच पटलं. शेवटी म्हणाले, वारा असेल तर मधल्या हुकाला बॅग अडकव. अडकवली. वाऱ्यानं बॅग झोके घ्यायला लागली आणि ट्रायपॉड तिच्याबरोबर.

"बॅग जमिनीला टेकू दे रे," सर कपाळाला हात लावून म्हणाले. "सगळं सांगायला लागतं!"

एवढ्या तयारीनं एका जुन्या देवळाच्या गाभाऱ्याबाहेरचं कोरीवकाम टिपायला गेलो. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. ती काढण्याइतका दम मला नव्हता आणि ती मागण्याइतका रखवालदाराला होता.

"कॅमेरा चालेल, स्टँड चालणार नाही."

"अहो, पण आत अंधार आहे. हातात धरला तर फोटो हलतो."

"मग श्वास धरा."

मी श्वास धरला. फोटो बरा आला. रखवालदारानं तो पडद्यावर बघितला आणि म्हणाला, "बघा! उगाच ओझं घेऊन हिंडता." त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडे श्वास उरला नव्हता.

समुद्राबद्दल फार सांगत नाही. पुळणीवर उभ्या केलेल्या ट्रायपॉडच्या पायाखालची वाळू लाटा काढून नेतात आणि पाणी दुधासारखं दिसावं म्हणून शटर उघडून बसलेला माणूस क्षितिज तिरपं होताना बघत राहतो. घरी आल्यावर खारं पाणी आणि वाळू काढायला ट्रायपॉड गोड्या पाण्यानं धुवावा लागतो. मी न्हाणीघरात स्टुलावर बसून एकेक पाय उघडून चोळत होतो. दारात उभी राहून आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "पोरं लहान असताना एकदा तरी घातलीस का रे आंघोळ?"

शेवटी कास. सप्टेंबर महिना, साताऱ्याहून पहाटे निघालेलो, पठारावर फुलांचे गालिचे, सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, आणि माझ्याकडे हलका, भक्कम, मुळीच स्वस्त नसलेला ट्रायपॉड. फुलं तुडवायची नाहीत, हा तिथला नियम योग्यच आहे. मी स्वतः पायवाटेवर उभा राहिलो. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"ओ दादा! पाय काढा!"

"माझे पाय वाटेवरच आहेत."

"तुमचे नाही, त्याचे!"

तीन पाय, आणि तिन्हींना फुलं नसलेली जागा हवी. दोन सापडल्या. तिसऱ्यासाठी मी एक पाय आखडून माझ्या चपलेवर टेकवला. सरांनी सांगितलेलं सगळं केलं. टायमर, आरसा, स्टॅबिलायझेशन, बॅग. ट्रायपॉड कातळात रुजल्यासारखा स्थिर होता. पठारावर वारा सुटला आणि सोनकी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे डोलायला लागली.

पंचवीस-तीस हजार रुपये खर्चून मी जगातली एक बाजू स्थिर केली होती. दुसऱ्या बाजूला ट्रायपॉड लावायची काही सोय नव्हती.

वारा पडायची वाट बघितली. मागे रांग लागली. कुणीतरी म्हणालं, "हे सर्व्हेवाले दिसतात, पुढून जा." कंटाळून मी सीतेच्या आसवांकडे वळलो. ही निळी-जांभळी फुलं जमिनीपासून जेमतेम काही इंच वर असतात. माझा ट्रायपॉड माझ्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत जातो, हे मी घेताना कौतुकानं तपासलं होतं. तो खाली किती येतो, हे तपासायचं सुचलं नव्हतं. मधला दांडा जमिनीला टेकला आणि कॅमेरा फुलांच्या एक हात वर अडकला. मग मी ओल्या कातळावर पालथा पडलो आणि मुठीवर कॅमेरा टेकवला. शेजारी एक कॉलेजातली मुलगी उकिडवी बसली, तिनं मोबाइल फुलाजवळ नेला, एकदा टिचकी मारली आणि मला दाखवत म्हणाली, "काका, असं पाहिजे का तुम्हाला?"

असंच पाहिजे होतं.

पण ट्रायपॉड वाया गेला असं कुणी म्हणू नये. गौरी-गणपतीला सगळं घर गोळा होतं, तेव्हा एकत्र फोटो काढायचा असतो आणि तो मीच काढतो. त्यामुळे आमच्या घरच्या सगळ्या गणपतींच्या फोटोंत मी एकतर नसतो, नाहीतर टायमर लावून धावत येताना पॅरिसमधल्या त्या रहदारीप्रमाणे धुरकट असतो. यंदा मी ठरवलं, व्यवस्थित उभं राहायचं. कार्बनचे पाय पसरले, मधला दांडा खाली, हुकाला नारळांची पिशवी, जमिनीला टेकलेली. खोलीत उजेड कमी, म्हणून शटर जरा मंद. दहा सेकंदांचा टायमर दाबला आणि निघालो.

"थांब, थांब!" आत्या ओरडल्या. "माझं डोकं कापलं जातंय का बघ."

परत गेलो, फ्रेम वर केली, पुन्हा बटण दाबलं, वळलो आणि माझ्या पायाची करंगळी ट्रायपॉडच्या पायात अडकली. मी आरतीच्या ताटापर्यंत सरकत गेलो. ट्रायपॉड तसूभर हलला नाही. सासऱ्यांनी मागून ओरडून सांगितलं, "बघा, तीन बिंदू!"

फोटो मात्र अप्रतिम आलाय. एरवी दर फोटोत कुणाचे तरी डोळे मिटलेले, कुणी रुसलेलं, पोरं भलतीकडे बघत असलेली. यात एकूण एक माणूस मनापासून हसतोय आणि सगळे एकाच दिशेला, खाली बघतायत. आत्यांचं डोकं पूर्ण आहे. मखरातल्या झिरमिळ्यासुद्धा मोजता येतील इतकं सगळं स्पष्ट. सौभाग्यवतींनी तो मोठा करून, चौकटीत घालून, करारी पणजोबांच्या शेजारी लावलाय. डाव्या कोपऱ्यात माझी एक टाच दिसते. फोटोत हललेली आहे ती तेवढीच.